कृष्णाकाठचा फडणीशी वाडा

वाईच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन, कसबा मागे टाकून, कृष्णेच्या उगमाच्या अंगाला सुमारे कोसभर चालत गेले, की उसाच्या आणि हळदीच्या मळ्यांमधून आलेली वाट एका उंच, आंधळ्या भिंतीपाशी येऊन पोहोचते. भिंतीआड राजवाडा आहे, कोठार आहे की एखाद्या देशमुखाची गढी, याचा बाहेरून काही अदमास लागत नाही. गावाचे नाव मेणवली. आणि भिंतीआड आहे तो उत्तर पेशवाईतील सर्वांत धोरणी कारभारी बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचा वाडा. पुण्यात शनिवारवाड्याच्या शेजारी नानांचा दुसरा एक वाडा आहे व तो पुष्कळांच्या पाहण्यातला असतो. परंतु नाना हे मनुष्य म्हणून कसे होते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने पुण्यात न थांबता मेणवलीस यावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. पुण्याचा वाडा कारभाऱ्याचा आहे. मेणवलीचा वाडा, राजकारणाने थकलेल्या पण राजकारणाचा क्षणभरही विसर न पडणाऱ्या, एका सावध गृहस्थाचा आहे.

खेड्यात उत्पन्नाची जमीन, तेथे एक थोरले घर, जवळ पाणी, देऊळ आणि बाग, हा थाट जगातील बहुतेक राज्यकर्त्या वर्गांनी कधी ना कधी उभा केलेला आहे. इंग्लंडातील उमरावांच्या अशा घरांची वर्णने आपण कादंबऱ्यांतून वाचलेली असतात: दूरवर पसरलेली हिरवळ, तिच्या मध्यभागी एकटी उभी असलेली हवेली, आणि धन्याच्या नजरेला खुपू नये अशा अंतरावर सारलेले गाव. डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टन याने तर १७८० च्या सुमारास आपल्या हवेलीलगतचे गावच पाडून टाकले आणि तेथील रहिवाशांसाठी मिल्टन अ‍ॅबस नावाची नवी वस्ती डोंगराच्या घळीत, दृष्टीआड, वसवली. नेमक्या त्याच काळात कृष्णेच्या काठी नाना फडणीस आपल्या इनाम गावाची वसाहत करीत होते, आणि वाडा बांधीत होते तो गावाच्या पांढरीला अगदी लागून. इकडच्या सरदाराला गाव दूर सारावेसे वाटले नाही. गावाच्या दिशेला उंच भिंत घातली आणि नदीच्या दिशेला दार ठेवले, एवढ्यावर त्याचे काम भागले. दोन्ही देशांतील थोरल्या घरांच्या रचनेतला सगळा फरक या एका गोष्टीतून उलगडत जातो, असे मला वाटते.

मेणवली नानांकडे आली ती औंधचे भवानराव त्रिंबक पंत प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. तो दस्तऐवज ४ डिसेंबर १७६८ चा आहे. आजच्या वाचकाला 'गाव इनाम दिला' या शब्दांचा अर्थ चटकन उमगत नाही. त्याला वाटते, गावातली घरे, शेते, माणसे सगळी इनामदाराच्या मालकीची झाली. वस्तुस्थिती तशी नव्हती. आपल्याकडे गाव म्हणजे पांढरी आणि काळी: पांढरीत वस्ती, काळीत शेते. काळी कसणारा मिरासदार आपल्या जागी कायम राही, पाटील-कुलकर्ण्यांचे वतन त्यांच्याकडे राही, बलुतेदारांचे बलुते खळ्यावर पूर्वीप्रमाणेच मोजले जाई. बदलत असे ती वसुलाची वाट. जो सारा सरकारच्या कमाविसदाराकडे जावयाचा, तो इनामदाराच्या कोठीत येऊ लागे, आणि तोही सनदेत लिहिल्याप्रमाणे पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने. म्हणून इनामदाराला गाव भरलेला हवा असे. माणूस उठून गेला की काळी ओस पडे आणि कोठी रिती होई. नानांनी मेणवलीत लोक आणून बसवले यात उदारपणाचा भाग असेल, पण फडणिशी हिशेबाचाही होता, आणि त्यात त्यांना कमीपणा येतो असे मी मानीत नाही.

सनद झाली तेव्हा नानांचे वय सव्वीस वर्षांचे होते. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. भानूंचे मूळ घराणे कोकणातील वेळासचे. बाळाजी विश्वनाथाबरोबर ते देशावर आले, आणि नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ साली दिल्लीच्या धामधुमीत कामास आले. तेव्हापासून फडणिशी या घरात चालत आली. फडणीस हा शब्द फारसीतील फर्दनवीस याचे मराठी रूप. फर्द म्हणजे कागदाचा ताव, यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. राज्याचा जमाखर्च, सनदा, वराता, तैनाती या साऱ्या कागदांवर फडणिसाची नजर फिरल्यावाचून ते पुरे होत नसत. तरुणपणी नाना भाऊसाहेबांच्या स्वारीबरोबर उत्तरेस गेले होते. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जे घडले त्यातून ते स्वतः वाचले, पण यात्रेच्या हेतूने बरोबर आलेली त्यांची आई त्या पळापळीत कायमची हरवली. या दिवसांची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना हे ध्यानात येते की हा पुरुष तलवारीने लढणाऱ्यांपैकी नव्हता व त्याने तसा आवही कधी आणला नाही. पुढे १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारस्थानात ते पुढे आले, आणि पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने दोन तपांच्या आसपास त्यांनी मराठी राज्याचा कारभार हाकला: वडगाव, सालबाईचा तह, खर्डा, सगळे त्यांच्या कलमाखालून गेले.

वाई प्रांतच त्यांनी का निवडला, याचे उत्तर नकाशाकडे पाहिले की मिळते. छत्रपतींची गादी साताऱ्यास, म्हणजे एका मजलीवर. पुणे दोन-तीन मजलींवर. पश्चिमेस घाट उतरला की महाड आणि रायगड. खुद्द वाई ही रास्त्यांची. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. आणि १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ बांधणारे गणपतराव भिकाजी रास्ते हेही त्याच घरचे. कृष्णेच्या दोन्ही काठांवर घाट, घाटांवर देवळे, देवळांभोवती वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांची वस्ती, अशी ही दक्षिण काशी. जप, स्नान, दानधर्म आणि राजकारण या चारही गोष्टी ज्याला एकाच जागी हव्या होत्या, त्याला याहून सोयीचे ठिकाण सापडणे अवघड होते.

आता वाडा. सनदेनंतरच्या दहा-बारा वर्षांत तो उभा राहिला. त्याला सहा चौक आहेत. मराठी वाड्याची प्रतिष्ठा त्याच्या चौकांवरून मोजीत: साध्या सुखवस्तू गृहस्थाच्या वाड्याला एक चौक, सावकाराच्या वा मानकऱ्याच्या वाड्याला दोन, मोठ्या सरदाराच्या वाड्याला तीन-चार. खेड्यात सहा चौकांचे घर बांधणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. चौक म्हणजे चारी बाजूंनी सोप्यांनी वेढलेले, वरून उघडे असे अंगण. आणि वाडा म्हणजे अशा अंगणांची माळ. बाहेरच्या भिंतींना खिडक्या नसतात, असल्या तर उंचावर व लहान. उजेड, वारा, पाऊस, चांदणे, सगळे आत येते ते चौकातून, वरून. म्हणूनच बाहेरून इतका गंभीर दिसणारा वाडा आत गेल्यावर एकदम हसतमुख वाटू लागतो, आणि प्रथमच आलेल्या माणसाला तो अनपेक्षित उजेड पाहून उंबऱ्याशीच थबकावेसे वाटते.

परंतु चौकांचे खरे काम उजेड देणे एवढेच नसे. ते माणसे निवडीत. दिंडी दरवाजातून वाकून आत येणारा प्रत्येक जण देवडीवरच्या पहारेकऱ्याच्या नजरेखालून जाई. पहिल्या चौकात कोणीही यावे: गावचा पाटील, फिर्याद घेऊन आलेला कुणबी, जासूद, सांडणीस्वार. त्याच्या आत सदर आणि कचेरी; तेथे कारकून मंडळी मांडी घालून, गुडघ्यावर कागद धरून, बोरूने मोडी लिहीत बसलेली. त्याच्या आत खलबताची जागा, जेथे नाव घेऊन बोलावल्याखेरीज कोणी जावयाचे नाही. त्याही आत देवघर, माजघर, मुदपाकखाना, कोठ्या, बाळंतिणीची अंधारी खोली. आणि अगदी मागे परसू, आड, गोठा. पाहुणा किती चौक ओलांडून आला यावर धन्याच्या लेखी त्याचे वजन काय, हे न बोलता सर्वांना कळे. अशा वाड्यांची ही सर्वसाधारण रीत. पण मेणवलीस हिंडताना ती रीत विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण नानांच्या कारभाराची घडणही अशीच होती. दफ्तरात कागदाचा ताव घडीत, घड्या पुडक्यात, पुडकी रुमालात, रुमाल संदुकीत; आणि संदुकीची किल्ली एकाच माणसापाशी. सहा चौकांचा हा वाडा मला तरी दगड-लाकडांत बांधलेल्या रुमालासारखा दिसतो.

बांधकामाची पद्धती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आता जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. मराठी वाडा भिंतींवर उभा नसतो, तो खांबांवर उभा असतो. प्रथम काळ्या घडीव चिऱ्यांचे उंच जोते. जोत्यावर ठरावीक अंतराने दगडी तळखडे, आणि प्रत्येक तळखड्यावर एक सागवानी खांब. खांब जमिनीत पुरीत नाहीत. लाकडाला ओल लागू नये, वाळवी चढली तर दिसावी, म्हणून हा दगडाचा वीतभर उंचवटा. खांबाच्या माथ्यावर लाकडी हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कडीपाटाची तक्तपोशी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि सारे घर खणांच्या भाषेत बोलले जाई: अमुक सोपा सात खणी, अमुक दिवाणखाना नऊ खणी. भिंती त्या चौकटीत नंतर भरावयाच्या, कोठे विटांच्या, कोठे पांढऱ्या मातीच्या. त्यांची जाडी पाहिली की चैत्र-वैशाखात आतला गारवा का टिकतो ते कळते. एखाद्या खांबाजवळ बसून तो खालपासून वरपर्यंत नीट पाहावा. तळाशी चौरस, मग सुरूच्या झाडाप्रमाणे मध्यावर किंचित फुगून वर निमुळता होत गेलेला. त्यावर कोरीव पाकळ्यांची पट्टी. आणि दोन खांबांना जोडणारी महिरप, तिच्या कोपऱ्यातून खाली लोंबणारे केळफूल. केळफूल हे मंगल चिन्ह तर खरेच, पण केळीच्या बागांतून आलेल्या कोकणी घराण्याने देशावरच्या कोरड्या हवेत आपल्या घरी ते टांगावे, यात वेळास-श्रीवर्धनची काही आठवण असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

चुन्याविषयीही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. त्या काळचा चुना बाजारातून पोत्याने आणून त्याच दिवशी वापरण्याचा जिन्नस नव्हता. चुनखडी भट्टीत भाजावयाची, पाण्यात विझवावयाची, खड्ड्यात दिवसच्या दिवस मुरू द्यावयाची, आणि मग वाळू घालून घाणीत मळावयाची. गोल दगडी पन्हळ, तिच्यात फिरणारे जड दगडी चाक, आणि त्याला जुंपलेली बैलजोडी, ही घाणी आजही अनेक गडांवर पडलेली दिसते. मळताना गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा चीक, कोठे तागाचे तंतू, अशी नाना द्रव्ये त्यात पडत. कोणते किती, हे गवंड्याच्या हाताला ठाऊक. असा चुना वर्षानुवर्षे सावकाश कठीण होत जातो आणि तरी श्वास घेत राहतो: पावसाळ्यात भिंतीने शोषलेली ओल तो उन्हाळ्यात बाहेर सोडतो. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत आज सर्रास सिमेंटचा गिलावा मारतात, तेव्हा ही ओल आतच कोंडते, माती भुसभुशीत होते आणि शेजारचे लाकूड कुजू लागते. घर वाचवण्याच्या सद्हेतूने केलेल्या या दुरुस्तीनेच घरे पडलेली मी पाहिली आहेत, आणि तो विचार मनात आला की अजूनही जीव तळमळतो.

मेणवलीच्या वाड्यातील भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली रंगीत चित्रे आहेत. विषय बहुतांशी पौराणिक. वाई आणि सातारा प्रांतात अशा भित्तिचित्रांची एक परंपराच होती. हिरमिजीचा तांबडा, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळाचा काळा, असे मोजके देशी रंग; रेषा ठसठशीत; चेहरे एका बाजूने दाखवलेले, डोळे मोठे. राजस्थानी चित्रकारांची सफाई त्यात शोधू नये. चित्रांतल्या देवांनी आणि स्त्रियांनी नेसलेली वस्त्रे, पगड्यांची ठेवण, आसने, ही जागोजाग मराठी आहेत, आणि पेशवाईत माणसे कशी दिसत याचा तो एक अव्वल पुरावा आहे. रंग पुष्कळ ठिकाणी उडाले आहेत. जेथे ते शिल्लक आहेत तेथे हात लावू नये, ओले वा घामाचे बोट तर मुळीच लावू नये, एवढी विनंती पाहावयास जाणाऱ्या प्रत्येकाला करावीशी वाटते.

वाड्याच्या मागल्या अंगाला आले की एकाएकी सगळे बदलते. सहा चौकांत जपून ठेवलेला आडपडदा तेथे गळून पडतो आणि समोर येते कृष्णा. नानांनी बांधलेला हा घाट अर्धचंद्राकार आहे. नदीकाठचे घाट सामान्यतः प्रवाहाला समांतर, सरळ ओळीत उतरतात. येथे पायऱ्यांनी पाण्याला कवेत घेतल्यासारखा वळसा घेतला आहे. रूप तर त्याने येतेच, पण कोणत्याही पायरीवर बसले तरी समोरचे पाणी आणि बाजूच्या पायऱ्यांवरची माणसे एकदम दिसतात. घाट हा एक प्रकारे सभामंडपच होतो. काठावर दोन देवळे, दोन्ही नानांची: एक मेणेश्वर महादेवाचे, दुसरे विष्णूचे. हरिहरांना शेजारी बसवणाऱ्या नानांनी पुण्यातही बेलबागेत विष्णूचे देऊळ बांधले आणि तिकडे भीमाशंकराचे शिखरही बांधविले, म्हणजे दोन्हीकडची भक्ती त्यांनी सारखीच सांभाळली. कृष्णा खोऱ्यातल्या देवळांची जी सर्वसामान्य घडण, खाली काळ्या दगडाचे कणखर अंग आणि वर चुनेगच्ची शिखर, तीच येथेही.

मेणेश्वराच्या शेजारी एका लहानशा दगडी घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे, आणि मेणवलीत मला सर्वांत अधिक वेळ खिळवून ठेवते ती हीच. वजन सुमारे ६५० किलो; धातू मिश्र, पंचधातूचा म्हणतात तो. जवळ जाऊन पाहावे तर तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावदार आकृती, आणि ओतीव अंक: १७०७. ही घंटा एका ख्रिस्ती देवळाची आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या लुटीत आणि विजयचिन्हांत तेथील चर्चच्या घंटाही आल्या, आणि त्या देशावरच्या देवळादेवळांतून वाटल्या गेल्या. भीमाशंकरास एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, तशीच ही मेणवलीस. महादेवाच्या दारी मेरीची घंटा दोन शतकांहून अधिक काळ टांगलेली आहे. तिच्यावरची आकृती कोणी घासून काढली नाही, छिन्नी लावून विद्रूप केली नाही, वितळवून तोफ ओतली नाही. जिंकून आणलेली वस्तू ती, तिच्यामागे वसईच्या वेढ्यात पडलेल्या दोन्हीकडच्या हजारो माणसांचे रक्त आहे, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. तरी तिची राखण झाली, हेही तितकेच खरे. आणि तो साल, १७०७! त्याच वर्षी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटले. शाहूराजे सुटले म्हणून बाळाजी विश्वनाथ पुढे आले, त्यांच्यामागे भानू आले. परकीय ओतकाराने आपल्या देवळासाठी ज्या वर्षी ही घंटा ओतली, त्याच वर्षी ती जेथे येऊन टांगली जाणार होती त्या घराचे दैव फळावयास लागले होते.

दैव फळले तसे फिरलेही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला आणि नानांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या वर्षी, पुण्यात पेशवाईच्या वस्त्रांचा घोळ चालू असता, नाना वाईस येऊन राहिले. आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हालचालींचा रंग ओळखताच घाट उतरून महाडास गेले. १७६८ साली निवडलेल्या जागेचा नकाशा त्या दिवशी त्यांच्या उपयोगी पडला. महाडाहून त्यांनी डाव उलटवला, परत पुण्यास आले, पण १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या पक्षाने त्यांना दग्याने धरले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले. सुटका झाली ती पुढच्या वर्षी. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा देह पडला.

मागे राहिली जिऊबाई. नानांची अनेक लग्ने झाली, संतान टिकले नाही. आणि ही त्यांची अखेरची पत्नी, पतीच्या मृत्युसमयी केवळ अजाण बालिका. दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर होताच. ही मुलगी लोहगडाच्या आश्रयाला राहिली, मग जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने तिच्या जीविताची व निर्वाहाची हमी झाली, सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक ठरली, आणि बरीच वर्षे तिने पनवेलीस काढली. पुढे तिने दत्तक घेतला आणि फडणिसांचा वंश मेणवलीस चालू राहिला. बखरकारांनी आणि इंग्रज इतिहासकारांनी नानांवर रकानेच्या रकाने लिहिले. या बालविधवेच्या वाट्याला बहुधा एखाद-दुसरी ओळ आली. आणि तरीही घर टिकले ते तिच्यामुळे. तिने दत्तक घेतला नसता, तर वारस नाही म्हणून वाडा सरकारजमा होण्यास कितीसा अवकाश लागला असता?

घराबरोबर टिकले ते कागद. नाना आपली खाजगी आणि राजकीय पत्रे जपून ठेवीत, आणि त्यांतला फार मोठा संचय मेणवलीच्या वाड्यात पडून होता. पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तराची शेवटच्या बाजीरावाच्या अमदानीत हेळसांड झाली. नानांचे हे दफ्तर मात्र खेड्यात, घरच्या माणसांच्या हाती, अंधाऱ्या खोलीत सुरक्षित राहिले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती ते लागले आणि 'मेणवली दफ्तर' या नावाने मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांत प्रसिद्धी पावले. पुढे पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मोडीचा एक रुमाल सोडताना पाहणे हा अनुभव कोणीही इतिहासप्रेमी माणसाने एकदा घ्यावा: जाड, हातबनावटीचा, किंचित पिवळसर कागद, शाई अजून काळीभोर, ओळीच्या वर एक लांबलचक सरळ रेघ आणि तिला लटकत गेलेली, मध्ये न थांबता धावणारी अक्षरे, समासाला दुमड, आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. वकील, गुप्त बातमीदार, सरदार, सावकार, सगळ्यांची लेखणी एकाच पत्त्याकडे धावत असे.

या सगळ्याचा विचार करताना पुण्याची आठवण होते आणि मन विषण्ण होते. १७३२ मध्ये सोळा हजार एकशे दहा रुपये खर्चून पुरा झालेला आणि पुढे मजल्यामागून मजले चढलेला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीत भस्म झाला. उरले जोते, तट आणि दरवाजे. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात जळाला, त्याच आगीच्या सत्रात विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. सागवान आणि चुना यांचे हे घर शंभर पावसाळे सोसते, पण एका रात्रीच्या विस्तवापुढे हतबल होते. मेणवलीचा वाडा वाचला यात दैवाचा भाग आहे तसा खेड्याचाही: राजधानीपासून दूर, वाटमारीच्या आणि दंगलीच्या रस्त्यावर नाही, आणि घरात माणसांची वस्ती. रिकामा वाडा पाच-सात पावसाळ्यांत खचतो, कारण कौल सरकले तर ते सारखे करणारा हात तेथे नसतो. येथे तो हात नानांच्या वंशजांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. थोरल्या घराचा डोलारा सांभाळणे हे एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचे काम आहे, आणि समाजाने त्यात भार उचलावयास हवा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

अलीकडे या गावाला नवी कीर्ती लाभली आहे ती चित्रपटांमुळे. 'स्वदेस' हा २००४ सालचा हिंदी चित्रपट पाहिलेल्यांना तो घाट चांगला आठवेल. त्यात मेणवली हे उत्तरेतले एक खेडे म्हणून दाखवले आहे. सुटीच्या दिवशी घाटावर गर्दी होते, पायऱ्यांवर छायाचित्रे घेतली जातात, आणि त्यांतली काही मंडळी वाड्याच्या आंधळ्या भिंतीकडे नजर न टाकता परत फिरतात. त्यांना अडवून सांगावेसे वाटते की दार या बाजूला आहे.

संध्याकाळी ही गर्दी ओसरते. वरती धोमचे धरण झाल्यापासून येथल्या नदीला आता केवळ ऋतूंचे बंधन उरलेले नाही. पाणी सोडले की ऐन उन्हाळ्यातही पातळी वाढते, आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. धुणे घेऊन बसलेल्या गावच्या बाया हातातला पिळा तसाच धरून, बादली उचलून, एक पायरी वर सरकतात, आणि अर्धचंद्राच्या त्या वळणावर पुन्हा कामाला लागतात.